आईबाबांसाठी कमी खर्चात राहता येईल अशी जागा कशी निवडावी? मदत हवी आहे

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते आहे, अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

आईबाबा दोघंच राहतात. बाबा ७४, आई ६८. भाड्याचं घर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. उत्पन्न म्हणजे बाबांची पेन्शन आणि ठेवींवरचं थोडं व्याज. पेन्शनचा जवळजवळ निम्मा भाग भाड्यात जातो, उरलेल्यातला मोठा वाटा औषधं आणि तपासण्यांत. करार संपायला पाच महिने आहेत आणि पुढच्या वेळी भाडं वाढणार हे घरमालकांनी आत्ताच सांगून ठेवलंय. आमच्याकडे या, असं अनेकदा म्हणून झालं. आमच्या दोन खोल्यांत आधीच चौघं आहोत, शिवाय "हातपाय चालताहेत तोवर आमचं आम्ही राहू" हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं.

गेल्या महिन्यात बाबांबरोबर जिना चढत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते थांबले, खिशातून जुडगा काढला आणि एकेक किल्ली चाळत राहिले. दार अजून एक मजला वर होतं आणि आई घरातच होती, किल्लीची गरजच नव्हती. श्वास खाली बसल्यावर त्यांनी जुडगा परत खिशात टाकला. मी काही बोलले नाही, पण त्याच दिवशी घर शोधायला सुरुवात केली.

तीन पर्याय दिसतात. याच शहराच्या टोकाला तळमजल्यावरचं लहान घर: भाडं थोडंच कमी, पण मी तासाभरात पोचते. दुसरा, चार तासांवरचं एक लहान गाव: भाडं निम्म्याहून कमी, हवा चांगली, बाबांना बघताक्षणी आवडलंय. तिसरा, ज्येष्ठांसाठीची निवासी संस्था: जेवणखाण, देखरेख सगळं तिथेच, पण सुरुवातीला मोठी अनामत आणि वर दरमहा शुल्क.

मी कागदावर आकडे मांडले तेव्हा दोन गोष्टींनी झोप उडाली. पहिली महागाई. बाबांची पेन्शन ठरलेली आहे, वाढत नाही. दरवर्षी ६ टक्के महागाई धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. म्हणजे आई ऐंशीची होईल तेव्हा. आज जेमतेम परवडणारं घर तेव्हा परवडणार नाही. दुसरी गोष्ट त्यांच्यासमोर बोलायला जीभ रेटत नाही. बाबांच्या माघारी आईला पेन्शनचा निम्माच हिस्सा मिळणार आहे. भाडं मात्र निम्मं होत नाही. म्हणजे शोधायला हवं ते एकट्या आईलाही परवडेल असं घर, आणि अशा गावात, जिथे ती एकटीही राहू शकेल. हे त्यांच्याशी कसं बोलायचं?

ज्यांनी आईवडिलांना खरोखर दुसरीकडे हलवलंय त्यांनी कृपया लिहा. जागा बघताना काय तपासलं, काय तपासायचं राहून गेलं? भाडं वाचलं, पण दुसरीकडून खर्च वाढला असं झालं का?

प्रतिसाद १

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो, झालं. आम्ही सासूसासऱ्यांना स्वस्त पडतं म्हणून लांबच्या गावी हलवलं आणि दीड वर्षात परत आणलं. घर छान होतं, शेजार भला होता. पण डोळ्यांचे डॉक्टर एका गावात, हृदयाचे दुसऱ्याच. प्रत्येक तपासणीला गाडी ठरवायची, मी किंवा नवरा रजा टाकून जाणार, परतायला उशीर झाला तर मुक्काम. हिशेब केला तर वाचलेल्या भाड्यातलं फारसं काही उरत नव्हतं, रजा गेल्या त्या वेगळ्या. तुमच्या चार तासांच्या गावासाठी एक काम करा. गेल्या वर्षभरात आईबाबा किती वेळा डॉक्टरकडे गेले, ते फाइलमधून मोजा. तितक्या फेऱ्यांचा खर्च भाड्यात मिळवा आणि मग तुलना करा.

सासूबाईंना त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. इथे संध्याकाळी खाली उतरलं की चार ओळखीच्या बायका बाकावर असायच्या. तिथे बाकही होता, बायकाही होत्या, पण सगळ्या एकमेकींना तीस वर्षं ओळखणाऱ्या. त्यात शिरायला वेळ लागतो, आणि सत्तरीत ते सोपं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठांना सोयीची शहरं कशी असावीत यावर एक मार्गदर्शिका काढली, जगभरातल्या ३३ शहरांमध्ये ज्येष्ठांशी बोलून. त्यात आठ विषय आहेत आणि घर हा त्यातला फक्त एक. वाहतूक, बाहेरच्या मोकळ्या जागा, लोकांत मिसळणं, मान मिळणं, आरोग्यसेवा हे सगळं त्याच्या बरोबरीने येतं. आम्ही ते नंतर वाचलं.

म्हणून आधी महिनाभर राहून बघा, आणि तेही तिथल्या सगळ्यात वाईट ऋतूत. चांगल्या हवेत कुठलंही गाव चांगलंच वाटतं. इथलं घर तोवर सोडू नका.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे घराबद्दलच लिहितो. बघायला जाताना मोजपट्टी न्या. बाथरूमचं दार मोजा. पुढे कधी व्हीलचेअर लागली तर ८० सेंटिमीटर तरी मोकळी रुंदी हवी, आणि नेमकं बाथरूमचंच दार घरात सगळ्यात अरुंद असतं. कमोडची बैठक ४५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर गुडघ्यांवर ताण कमी येतो. भिंतीत पकडदांडे बसवायला मालकाची परवानगी आधीच लेखी घ्या. "तळमजला" म्हणून सांगितलेल्या घरालाही बाहेर दोनतीन पायऱ्या असतात, त्या मोजा. उतार करायचा तर प्रमाण १ ला १२ धरतात, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांबीचा उतार. तेवढी जागा दारापुढे आहे का?

आणि दवाखाना. नुसतं "जवळ हॉस्पिटल आहे" यावर थांबू नका. तिथे रात्री डॉक्टर असतात का आणि सीटी स्कॅन आहे का, हे दोन प्रश्न स्वतः जाऊन विचारा. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि मेंदूत रक्तस्राव नाही हे स्कॅनवर पाहिल्याशिवाय ते देत नाहीत. ज्या गावाहून स्कॅनपर्यंत पोचायलाच तीन तास लागतात, तिथलं कमी भाडं मी तरी कमी समजणार नाही. आरोग्य विमा असेल तर त्या भागातली कुठली हॉस्पिटलं त्याच्या यादीत आहेत तेही बघून ठेवा.

प्रतिसाद ३

संस्थेचा पर्याय असेल तर करार घरी आणून वाचा. अनामत परत कधी मिळते, त्यातून किती कापतात, दोघांपैकी एक राहिलं तर शुल्क किती होतं, दरवर्षी वाढ किती. आणि मुख्य म्हणजे माणूस अंथरुणाला खिळला तर ते ठेवतात की घेऊन जा म्हणतात. बऱ्याच ठिकाणी स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच ठेवतात. हे माहितीपत्रकात नसतं, करारात असतं.

मूळ धागाकर्ती

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांत बरंच घडलं, ते सांगते.

फाइल काढून मोजलं. वर्षात दोघांच्या मिळून २६ फेऱ्या. लहान गावाचा हिशेब तिथेच डळमळला. तिथून स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलपर्यंत दोन तास चाळीस मिनिटं लागतात, मी स्वतः गाडीने जाऊन बघितलं. बाबांना सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. त्यांचं मन तिथे रमलं होतं, मला वाईट वाटलं. संस्थेचा करारही मागवून वाचला. अंथरुणाला खिळलेल्यांना ठेवत नाहीत, तसं स्पष्ट लिहिलंय.

शहराच्या टोकाचं घर मोजपट्टी घेऊन पुन्हा पाहिलं. बाहेर एकच पायरी, उतारापुरती जागा आहे. बाथरूमचं दार ६८ सेंटिमीटर. मालकीणबाई दांड्यांना तयार आहेत, दार रुंद करायचं म्हटल्यावर विचार करून सांगते म्हणाल्या.

आईशी बोलायचं होतं ते बोलले. बाबा झोपले होते, आम्ही दोघी स्वयंपाकघरात. मी सुरुवात कशी करावी म्हणून चाचपडत होते, तर तिने खर्चाची वही आणली आणि मागचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. तिच्या बारीक अक्षरात वर "एक माणूस" असं लिहिलेलं, खाली भाडं, औषधं, वीज, सगळं एकटीचं, आणि शेजारी निम्मी पेन्शन. तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. "बाबांना दाखवलं नाहीये," एवढंच म्हणाली. मग आम्ही त्याच पानावर नव्या घराचं भाडं लिहिलं. ठेवींचं व्याज धरलं तर आज जमतं. बारा वर्षांनी जमत नाही, फरक बराच आहे. तो मी आणि भाऊ मिळून भरू, असं त्याच्याशी बोलून ठरवलंय. त्याला ते मान्य आहे.

आता एकच अडकलंय. मालकीणबाई वर्षाचा करार मागताहेत आणि मला आधी महिनाभर राहून बघायचंय. सुरुवातीला महिन्याच्या बोलीवर राहून मग पुढचा करार केला, असं कोणी जमवलंय का? मालकांना काय सांगितलंत, आणि करारात ते कसं लिहून घेतलंत?