पिनाकाची गाडी तुम्ही जवळून पाहिली आहे का?

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात पिनाका, म्हणजे ट्रकवरून एकामागून एक रॉकेटं डागणारं आपलं अस्त्र, समोरून गेलं तेव्हा सगळे रॉकेटांकडे पाहत होते, मी चाकांकडे. आठ चाकं, आणि आठही चाकांना इंजिनाची ताकद. या ट्रकबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. ज्यांनी तो चालवला, दुरुस्त केला किंवा जवळून पाहिला, त्यांनी आठवणी सांगा.

*

तोफखान्यात चालक होतो. पिनाकाचा ट्रक टाट्रा बनावटीचा. त्याला साध्या ट्रकसारखी शिडीच्या आकाराची चौकट नसते. मधोमध एक जाड नळी, तिच्या पोटातून चाकांना ताकद पोचवणारा शाफ्ट जातो आणि दोन्ही बाजूंचे अर्धे अ‍ॅक्सल आपापले वरखाली होतात. एक चाक खड्ड्यात गेलं तरी वरचा बोजा पिळवटत नाही. इंजिन हवेवर थंड होणारं, त्यामुळे वाळवंटात रेडिएटरच्या पाण्याची काळजी नाही. मऊ वाळू आली की केबिनमधूनच चाकांची हवा कमी करायची. पहिल्यांदा केलं तेव्हा छाती धडधडत होती. गाडी मात्र सरळ टेकाडावर चढली.

*

मी ग्रॅडवर होतो, म्हणजे जुन्या सोव्हिएत रॉकेट-गाडीवर. ४० नळ्या, १२२ मिमीची रॉकेटं, एकेक हातानं भरायची. २० सेकंदांत सगळी रिकामी, की पुन्हा घाम गाळा! पिनाकाचे सहा-सहा रॉकेटांचे दोन पॉड (भरलेले खोके) क्रेननं बसताना पहिल्यांदा पाहिले तेव्हा खरंच हेवा वाटला.

*

बाबा पुण्यात पाषाणच्या एआरडीईत, म्हणजे शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत होते, पिनाका तिथंच तयार झालं. १९९९ मध्ये कारगिलच्या बातम्या लागल्या की ते टीव्हीसमोरून हलत नसत, बोलतही नसत. पिनाका तिथे वापरलं गेलं, हे आम्हाला पुढे पेपरातून कळलं. चालकदादा, डागताना आत कसं वाटतं? बाबांना वाचून दाखवायचं आहे.

*

ताई, आधी जॅक टेकवून गाडी घट्ट रोवायची. मग ४४ सेकंदांत १२ रॉकेटं. प्रत्येक सुटलं की हादरा पाठीच्या कण्यात उतरतो. मी मनात आकडे मोजायचो, कारण बारावं गेलं की माझं काम सुरू. जॅक वर, गिअर टाकायचा आणि जागा सोडायची. शत्रूचं रडार रॉकेटांच्या वाटेवरून आपला ठिकाणा काढतं, थांबून चालत नाही. त्या घाईत गाडीनं मला एकदाही दगा दिला नाही. बाबांना माझा नमस्कार सांगा.