फ्रॉक म्हणजे मुलगीच, असे नव्हे
१८५० च्या सुमारास काढलेल्या अमेरिकी छायाचित्रातील मुलाच्या अंगात फ्रॉक असेल तर ती मुलगीच समजावी, असे जुन्या छायाचित्रांवरील चर्चेत एका सदस्यांनी म्हटले आहे. हा निकष टिकणारा नाही. त्या काळी मुलगे साधारण चार ते सात वर्षांचे होईपर्यंत झग्यातच वावरत. त्यात लंगोट बदलणे सोपे जाई आणि घेराला आडव्या दुमडी शिवून ठेवल्या की मूल वाढेल तशा त्या उसवून झगा लांब करता येई. खांदे उघडे टाकणारा रुंद गळा, आखूड बाह्या आणि चौकड्यांचे कापड हे मुलगे व मुली दोघांनाही सारखेच असल्यामुळे कपड्यांपेक्षा केसांच्या भांगाकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते: मुलींचा बहुधा मधोमध, मुलग्यांचा एका बाजूला. हातातला चाबूक किंवा लाकडी घोडाही मुलगाच सुचवतो, मात्र खेळणे स्टुडिओतले असू शकते. गालांवर हाताने भरलेला गुलाबी रंग तर मुळीच धरू नये. तो प्रौढ पुरुषांच्या चित्रांतही आढळतो!

झगा सुटल्यावर पुष्कळांच्या वाट्याला कमरेला पट्टा बांधलेला, गुडघ्यापर्यंतचा सदरा आणि खाली विजार येई. अमेरिकी यादवी युद्धाच्या दिवसांत, म्हणजे १८६१ ते १८६५ दरम्यान, झुआव्ह (मूळ फ्रेंच सैन्यातील, भडक गणवेशाचे पायदळ) सैनिकांच्या धर्तीची, गळ्याशीच बंद होणारी, काठाला फीत लावलेली आखूड जाकिटेही लोकप्रिय होती. भांग किंवा बटणपट्टी कोणत्या बाजूला आहे हे तपासताना डॅगेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरील छायाचित्र) व टिनटाइप (लोखंडी पत्र्यावरील छायाचित्र) यांमधील प्रतिमा सहसा आरशासारखी उलटी असते, हे ध्यानात ठेवावे.