आइसलँडचा नाताळ: निवांत की रीतसर?

खिडकीतला_बूट

रेक्याविकमधला माझा हा आठवा डिसेंबर. यंदा ठरवलंय, धावपळ बंद. पडदे उतरवून धुणं नाही, सात प्रकारची बिस्किटं नाहीत, ऑफिसच्या मेजवान्या नाहीत.

इथल्या जुन्या नाताळात असायचं तरी काय? माणशी एक मेणबत्ती, फार तर पत्त्यांचा जोड, एखादा नवा लोकरी कपडा. ‘केर्ती ओग स्पिल’, म्हणजे मेणबत्ती आणि पत्ते, असं अजून म्हणतात. चोवीसला संध्याकाळी 6 वाजता रेडिओवर कॅथेड्रलच्या घंटा वाजल्या की नाताळ लागला. जेवायचं, भेटी उघडायच्या, नवं पुस्तक घेऊन लोळायचं. पुस्तकाची सवय दुसऱ्या महायुद्धातली. बाकी आयातीवर बंधनं होती, कागदावर त्यामानाने कमी. अजूनही नोव्हेंबरात नव्या पुस्तकांची जाडजूड यादी निघते. फराळाच्या ताटाशेजारी दिवाळी अंक लागतो अशा घरात वाढलेल्यांना हे सांगायला नको.

घंटा, हांगिक्योत (धुरी दिलेलं मेंढीचं मटण) आणि पुस्तक ठेवा. बाकीचं सोडलं तर कोणी मरत नाही.

आकुरेरीची_सून

जुना नाताळ निवांत? कोणासाठी हो?

नाताळच्या मांजराची गोष्ट आठवा. ज्याला नवा कपडा मिळाला नाही त्याला ते खातं. आता रेक्याविकच्या चौकात त्याचा दिव्यांचा पुतळा उभा करतात आणि आपण फोटो काढतो. पण ती सरळ सरळ तंबी आहे: नाताळच्या आत लोकर कातून, विणून झालीच पाहिजे. शेवटच्या आठवड्यात कामाच्या माणसांना डुलकी लागू नये म्हणून पापण्यांना काड्यांचा टेकू देत, असं जुनी माणसं सांगत. आणि तुमचे ते पत्ते? चोवीसच्या रात्री त्यांना हातही लावायचा नाही.

शिवाय लोइवाब्रोइद (नाताळचा नक्षीदार तळलेला पोळा) कुठे गेलं तुमच्या यादीतून? आमच्या उत्तरेत त्याशिवाय डिसेंबर नाही. आरपार उजेड दिसेल असा पापडासारखा पातळ पोळा लाटायचा, वर ताट पालथं घालून गोल कापायचा. मग त्यावर पितळी चाक फिरवून ओळीने बाणाची टोकं पाडायची आणि एकाआड एक पाकळी मागे दुमडायची. चाक म्हणजे आपलं करंजीचं कातणच, जरा दणकट. उकळत्या चरबीत काही सेकंद तळायचा आणि बाहेर काढल्या काढल्या वर जड झाकण दाबायचं, नाहीतर वाकडा होतो. पहिल्या वर्षी माझे निम्मे वाकडे झाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त ते वेगळ्या डब्यात ठेवले.

नाक_मुठीत

दोघींच्या वादात स्काता राहिली. 23 डिसेंबर, म्हणजे थोरलाउक्समेसाचा सण, आणि अमोनियाने डोळ्यांतून पाणी काढणारा आंबवलेला मासा. मूळचा पश्चिमेकडच्या फ्योर्डांचा (डोंगरांतल्या अरुंद खाड्यांचा), आता देशभर खातात. मी मालवणचा, सुक्या बोंबलावर वाढलेला, पण पहिल्या घासाला कानातून वाफ आली. आमच्या बिल्डिंगीत घरात शिजवायला मनाई आहे, म्हणून शेजारी गॅरेजात चूल मांडतात. घरात शिजवलीच तर त्याच रात्री हांगिक्योत उकळत ठेवायचं, धुराच्या वासाने तो वास दबतो म्हणे. अर्धवटच दबतो.

खिडकीतला_बूट

@आकुरेरीची_सून, काड्यांचं खरं असेल. मग तर मुद्दा माझाच झाला. ज्या रीतीने माणसं जागवली, ती कशाला धरून ठेवायची? रीती बदलतातच. नाताळच्या गोष्टींतली राक्षसीण ग्रीला आणि तिचे तेरा पोरगे पूर्वी इतके भयंकर होते की 1746 मध्ये राजाला फर्मान काढावं लागलं, असल्या भुतांची भीती दाखवून पोरांना घाबरवू नका म्हणून. आज तेच पोरगे 12 तारखेपासून रोज रात्री एकेक येऊन बुटात खाऊ ठेवतात.

आणि लोइवाब्रोइदला घरभर माणसं लागतात. आमच्याकडे आहे कोण? मी, नवरा आणि सहा वर्षांचा मुलगा. लाटणार मी, तळणार मी, भांडी मी.

आकुरेरीची_सून

मग भांडी नवऱ्याला द्या, रीत कशाला टाकता! आमच्याकडे तळायला सासरे उभे असतात, मुलं पाकळ्या दुमडतात. दमणूक खरेदीने होते, पोळे लाटण्याने नाही.

तेराव्याची_मेणबत्ती

रीत, रीत म्हणताय, पण बुटातल्या खाऊचं काय झालंय बघा. माझ्या मुलीच्या वर्गात एकाला पहिल्याच रात्री हेडफोन मिळाले. आमच्या बुटात संत्रं होतं. “स्टेक्यारस्तोयर (तेरांतला पहिला) त्यांच्याकडे श्रीमंत होऊन जातो का?” असं माझ्या मुलीने विचारलं. तेरा रात्री हे प्रश्न. मी निवांत पक्षात.

आकुरेरीची_सून

हेडफोनला माझाही विरोध. पण ती रीत नाही, ते दुकान. रीतीप्रमाणे वांड पोराच्या बुटात कच्चा बटाटा ठेवतात, याहून स्वस्त काय?

खिडकीतला_बूट

बटाटा ठेवला होता गेल्या वर्षी. सकाळी मुलाने तो धुऊन आणला आणि म्हणाला, भाजी कर.

लोइवाब्रोइद दुकानातून आणेन, बारा नग. पडदे तसेच राहतील.

नाक_मुठीत

पडद्यांना स्काताचा वास बसतो बरं का. जानेवारीपर्यंत जात नाही.