चार शब्द गाळले तर काय बिघडतं?

नाटकाची संहिता प्रयोगाआधी तपासणाऱ्या सरकारी मंडळाने चार शब्द गाळायला सांगितले तर नाटकाचं काय बिघडतं, आणि पटत नसेल तर कोर्ट आहेच, असं या पूर्वतपासणीच्या बाजूने म्हटलं जातं. दोन्ही मुद्दे मला अजिबात पटत नाहीत.

१९७२चं 'सखाराम बाइंडर' घ्या. टाकलेल्या बायकांना आसरा देणारा आणि त्यांच्यावर हुकमत गाजवणारा हा माणूस शिव्यांतूनच बोलतो, देवालाही सोडत नाही. ती भाषा काढली तर सखाराम उरतच नाही! तेंडुलकरांनी उभा केलेला माणूसच जातो, शब्द नव्हे. राहिलं कोर्ट. या नाटकाचे दिग्दर्शक कमलाकर सारंग मंडळाविरुद्ध हायकोर्टात गेले, जिंकलेही. पण तोवर प्रयोग बंद. नाटक म्हणजे काही कपाटात ठेवता येणारं पुस्तक नाही. नटांच्या तारखा जातात, पैसे अडकतात. सारंगांइतकी चिकाटी नसलेल्यांचं काय झालं असेल?

खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर इंग्रजांनी १९१०मध्ये बंदी घातली, कारण प्रेक्षकांना कीचकात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसत होता. ज्या १८७६च्या कायद्याने इंग्रज नाटकांवर बंदी घालत, तो अलीकडे रद्द झाला. महाराष्ट्रात संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत मात्र पोलीस कायद्याखालच्या नियमांच्या आधारे चालू राहिली. त्याविरुद्ध अमोल पालेकरांनी २०१६मध्ये याचिका केली.

तेच संवाद पुस्तकात छापायला कुणाची पूर्वपरवानगी लागत नाही. मग रंगमंचावर का लागावी? एखाद्या प्रयोगात खरोखर गुन्हा घडला, तर प्रयोगानंतर खटला भरायला कायदे आहेतच की.