दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट : अशा कराटे वर्गात मुलीला घालावे का?

प्रश्न – मुलुंडची पालक
आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये नवा कराटे वर्ग सुरू झाला आहे. संचालक दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची आणि दहावीला क्रीडागुणांची हमी देतात, वर्षाचे शुल्क आगाऊ मागतात, आणि पालकांनी वर्गात थांबू नये असा त्यांचा नियम आहे. मुलगी आठ वर्षांची आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर – परळचा जुडोका
पट्टा मिळण्याची मुदत प्रवेशाच्या वेळीच सांगणारा वर्ग टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जुडोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी जुडोसाठी आखलेली दान श्रेणी, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, कराटेचे गुरू फुनाकोशी गिचिन यांनी १९२४ मध्ये कराटेत आणली. त्यातील पहिले दान म्हणजे पाया पक्का झाल्याची खूण, प्रावीण्याची नव्हे. तायक्वांदो या कोरियन युद्धकलेत दानची प्रमाणपत्रे सेऊलच्या कुक्कीवॉन संस्थेकडून येतात, आणि पंधरा वर्षांखालील मुलांना तेथे दानऐवजी पूम ही मुलांसाठीची श्रेणी मिळते. कराटेत सर्व शैलींना बांधील अशी एकच संस्था नसल्यामुळे कोणीही संघटना काढून प्रमाणपत्रे छापू शकतो. म्हणून सरांची शैली शोतोकान आहे की गोजू-र्यू, आणि त्यांची स्वतःची परीक्षा कोणी घेतली, हे अवश्य विचारावे. दर तीन महिन्यांनी परीक्षा, तिचे शुल्क वेगळे, पट्ट्याचे वेगळे, असे असेल तर वर्गाचा खरा व्यवसाय कोणता हे उघड आहे.

उत्तर – बोरिवलीतील प्रशिक्षक
मी एवढेच सुचवीन की एक संपूर्ण तास बसून पाहावे. मुले रांगेत उभी राहून केवळ हवेत ठोसे मारत असतील, काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) पाठ असूनही जोडीदारासमोर नियंत्रित कुमिते (लढतीचा सराव) कधीच होत नसेल, तर पडावे कसे आणि अंतर कसे राखावे हे त्यांना येणार नाही. गॅदरिंगमध्ये कौले फोडणे आणि पोटावरून मोटरसायकल नेणे हा तमाशा आहे. वाढत्या वयातील हाडांवर असे प्रयोग करणाऱ्याच्या हाती मूल देऊ नये.

उत्तर – दादरकर वकील
पालकांना बाहेर ठेवण्याचा नियम हे एकच कारण नकारासाठी पुरेसे आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा (पॉक्सो) २०१२ पासून लागू आहे, आणि लहान मुलांना शिकवणाऱ्याची पोलीस पडताळणी मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. क्रीडागुण पट्ट्यावर मिळत नाहीत. ते मान्यताप्राप्त खेळांच्या स्पर्धांतील कामगिरीवर अवलंबून असतात. खात्री जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करून घ्यावी.

उत्तर – परळचा जुडोका
एक भर घालतो. क्लबहाऊस किंवा पालिका शाळेचे सभागृह यावरून दर्जा ठरवू नये. साध्या जागेत, माफक मासिक शुल्कात उत्तम शिकवणारे शिक्षक मुंबईत आहेत. ते सहसा महिन्याचेच पैसे घेतात आणि पालकांसाठी दाराशी दोन खुर्च्याही ठेवतात.