काचेच्या इमारती सगळीकडे सारख्याच का?

प्रश्न (पादचारी):
वांद्रे-कुर्ला संकुलात उभे आहोत की पुण्याच्या खराडीत, हे केवळ इमारती पाहून सांगता येऊ नये, इतके हे निळसर काचेचे ठोकळे एकसारखे झाले आहेत. आपल्याकडे एवढे ऊन असताना काचेचाच आग्रह का धरला जातो? माझा आक्षेप निव्वळ आवडीनिवडीचा आहे का?

गिलावा:
मी बांधकाम व्यवसायात आहे, म्हणून आधी हिशेब सांगतो. नऊ इंची भिंत, तिला आतून-बाहेरून गिलावा आणि रंग, यासाठी परांची बांधून महिनोन्महिने काम चालते. काचेची तावदाने मात्र ॲल्युमिनियमच्या चौकटीत कारखान्यातच बसवून येतात आणि मजल्यामागून मजला टांगली जातात. शिवाय भिंतीची जाडी वाचते तेवढी वापरायची जागा वाढते. इमारत दिसेल कशी, हा विषय बैठकीत उशिरा निघतो आणि ‘कॉर्पोरेट लूक’ या दोन शब्दांत मिटतो.

उंबरठा:
हिशेब मान्य आहे, पण वातानुकूलनाचे बिल बहुधा भाडेकरूच भरतो, हे त्यात आले नाही. आमच्या कार्यालयाच्या पश्चिमेकडील बाजूला दुपारी तीननंतर सगळे पडदे खाली ओढलेले असतात आणि बाहेर लख्ख ऊन असताना आत ट्यूबलाइट जळत असतात. मग त्या काचेचा उपयोग काय? मुंबईला हे ठाऊक नव्हते असेही नाही. ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको शैलीतल्या जुन्या इमारतींच्या खिडक्यांवर कोपऱ्यापर्यंत वळत जाणारे छज्जे आहेत. १९८३ साली पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’ या उंच निवासी इमारतीत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी पश्चिमेचे ऊन आणि पावसाचा मारा अडवण्यासाठी कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या खोल गच्च्या ठेवल्या, आणि म्हणूनच ती इमारत लांबूनही ओळखू येते.

तावदान:
दोष काचेचा नाही, उघड्यावर सोडलेल्या काचेचा आहे. मोठ्या व्यापारी इमारतींच्या ऊर्जावापराचे नियम घालून देणाऱ्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत, विहित पद्धतीने जाणाऱ्या, म्हणजे भिंत, खिडकी अशा प्रत्येक भागासाठी ठरवून दिलेल्या मर्यादा पाळणाऱ्या इमारतींसाठी काचेचे प्रमाण बाह्य भिंतींच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे. मात्र संपूर्ण इमारतीचा ऊर्जावापर आटोक्यात असल्याचे गणिताने दाखवले, तर त्याहून अधिक काच लावता येते, आणि ही वाट मोठ्या प्रकल्पांना सोयीची पडते. थंड देशांतही हा प्रश्न सुटलेला नाही. लंडनच्या ‘वॉकी-टॉकी’ इमारतीच्या अंतर्वक्र काचेने २०१३ मध्ये ऊन एकवटून खाली उभ्या असलेल्या मोटारीचे भाग वितळवले, आणि पुढच्या वर्षी तिच्यावर आडव्या पट्ट्या, म्हणजे एका अर्थी छज्जेच, बसवावे लागले.