ओटीत टाइम आऊट खरंच कोणी मोठ्याने वाचतं का?

ओटीवाली_सिस्टर: आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरसाठी (ओटीसाठी) डब्ल्यूएचओची सर्जिकल चेकलिस्ट आहे. तिच्यातला टाइम आऊट म्हणजे चिरा देण्याआधी सगळ्यांनी थांबून पेशंट, ऑपरेशन, बाजू मोठ्याने वाचून तपासणं. म्हणजे फाइलीत आहे. पेशंट टेबलावर येण्याआधीच सगळ्या टिका मारून तयार, सही तेवढी राहते. परवा हर्नियाच्या केसला मी "बाजू कुठली?" विचारलं, तर सर म्हणाले, "सिस्टर, सकाळी मीच बघितलाय, चला." बाजू बरोबर होती, प्रश्न तो नाही. तुमच्याकडे कोण वाचतं? आणि सर थांबतात का?

भूलभुलैया: थांबतात, कारण वाचून होईपर्यंत ब्लेड हातात मिळत नाही! स्क्रब सिस्टर (हत्यारं हातात देणारी) ते ट्रॉलीवरच ठेवते, सर्क्युलेटिंग सिस्टर (बाहेरून सामान पुरवणारी) वाचते. पेशंटचं नाव, ऑपरेशन, बाजू, अँटिबायोटिक गेल्या साठ मिनिटांत दिलं का. मी भूल देणारा, दिवसाला चार हॉस्पिटलं फिरतो. सगळ्यात उपयोगी वाटते ती टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायची ओळ. तिलाच सगळे हसतात. पण ब्लीडिंग सुरू झाल्यावर नुसतं "अहो मामा, सक्शन!" ओरडलं की दोन मामा (वॉर्डबॉय) एकमेकांकडे बघतात. सिडनीच्या रॉब हॅकेट या भूलतज्ज्ञाने तर टोपीवरच नाव आणि काम लिहिलं होतं.

टाके_घालणारा: सर्जनची बाजू मांडतो. २००९ मध्ये या चेकलिस्टवर आठ शहरांतल्या हॉस्पिटलांचा अभ्यास आला, त्यात दिल्लीही होती. मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. मग २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओच्या १०१ हॉस्पिटलांचे आकडे आले, तिथे म्हणावा असा फरकच नाही. माझ्या मते तिथेही बऱ्याच ठिकाणी तुमच्यासारख्याच टिका मारल्या गेल्या असणार. सिस्टर, सरांना सगळ्यांसमोर अडवू नका. दिवसाची ऑपरेशनं सुरू व्हायच्या आधी चहाला गाठा आणि म्हणा, "सर, आज तुम्हीच वाचा." स्वतः वाचणारा माणूस घाई कमी करतो. आणि शेवटची मॉपची (रक्त टिपायच्या कापडांची) मोजणी मात्र पोट बंद करायच्या आधीच मोठ्याने करा, तिथे भीड नको.

ओटीवाली_सिस्टर: चहाचं जमेल, सर चहाला नाही म्हणत नाहीत. टोपीचं सांगा, आमच्या कापडी आहेत. मार्करची शाई धुण्यात जाईल ना?

भूलभुलैया: मायक्रोपोरच्या (कागदी चिकटपट्टीच्या) पट्टीवर लिहून चिकटवा. मामांपासून सुरुवात करा, सर आपोआप मागतील.